सासनकाठी आणि पालखी

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जाण्याचा आमच्या घरचा परिपाठ नाहीं. मला गर्दीची धास्ती. आणि देव काय, एखाद्या आडदिवशींही तेथेंच असतो, असें माझें आपलें सोयीचें तत्त्वज्ञान. परंतु यंदां यात्रेच्या आठवडाभर आधीं कोल्हापुराहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, या खेपेला तूं ये. देवासाठीं म्हणत नाहीं, पोरासाठीं ये. घरांत बापलेकांचें बोलणें बंद आहे."

हकीकत थोडक्यांत अशी. सतरा वर्षांचा माझा भाचा फुटबॉलचा वेडा. आपल्या तालमीचा एकही सामना तो चुकवीत नाहीं. पंधरा दिवसांपूर्वीं एका सामन्याच्या शेवटीं दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांत बाचाबाची झाली, दगड आले, आणि त्यांतला एक याच्या डाव्या भुंवईवर बसला. चार टांके पडले. डोळा बचावला तो दैवानें. वडिलांनीं त्याच रात्रीं फर्मान काढलें कीं, यापुढें मैदानाचें नांव या घरांत काढावयाचें नाहीं. मुलानें उलट उत्तर दिलें नाहीं. तो बोलेनासाच झाला. टांके निघाले, तरी जेवणाच्या पानावर दोघे समोरासमोर बसून भिंतीकडे पाहतात. आणि आईनें कोणाची बाजू घ्यावी हें तिचें तिला कळत नाहीं.

मी माझ्या मुलाला बरोबर घेऊन पुण्याहून निघालों. हेंही फुटबॉलचेंच गिऱ्हाईक. परंतु याची भक्ति निराळ्या देवावर. लंडनच्या एका क्लबासाठीं हा मध्यरात्रीं उठून दूरचित्रवाणीपुढें बसतो, आणि तो क्लब हरला कीं दुसऱ्या दिवशीं आमच्या घरांत सुतक असतें. दोन भक्तांची गांठ डोंगरावर पडेल, त्यांतून निदान भाच्याचें तोंड तरी उघडेल, असा माझा बेत होता.

कोल्हापुरापासून वाडी रत्नागिरीचा डोंगर सतरा-अठरा किलोमीटरांवर आहे. यात्रेच्या दिवशीं गाडी खालींच सोडून पायीं चढावें लागतें. वाटेवरचा दगड न् दगड गुलालानें माखलेला. पुढून, मागून 'जोतिबाच्या नांवानं चांगभलं'चा गजर. आणि डोंगराच्या कडेवर ठिकठिकाणच्या गांवांहून आलेल्या सासनकाठ्या आभाळाला टेंकलेल्या. दर्शन आटोपून आम्ही देवळाबाहेर एका कट्ट्यावर मिरवणुकीची वाट पाहत बसलों. बहिणीचे यजमान चार हात दूर, वृत्तपत्राची घडी डोक्यावर धरून बसले होते. पोरें मात्र शेजारीं शेजारीं बसलीं, आणि माझ्या मुलानें भाच्याला सहज म्हणून विचारलें, "समज, आज देव प्रसन्न झाला आणि म्हणाला, दोन्ही मिळणार नाहींत, एकच माग. तुझ्या तालमीला लीग, कीं भारताला विश्वचषक?"

"तालमीला लीग," भाचा क्षणाचाही विलंब न लावतां म्हणाला. पंधरा दिवसांत इतक्या ठामपणें त्यानें उच्चारलेले हे पहिलेच शब्द असावे.

"आणि देश?"

"तूं काय मागशील?"

माझा मुलगा जरा चपापला. "माझ्या क्लबाला युरोपचा चषक," त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें.

"म्हणजे माझी पेठ तरी याच देशांत आहे!" भाचा हंसला, बहिणीनें माझ्याकडे पाहिलें. मग दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्ही काय मागाल?"

मीं अर्थातच 'देश' असें उत्तर दिलें. वडील माणसानें दुसरें काय द्यावें? भाचा म्हणाला, "मामा, भारताचा सामना तुम्ही शेवटचा केव्हां पाहिलात?" या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. मीं तो मैदानावर जाऊन एकदांही पाहिलेला नाहीं.

कोल्हापूर म्हटलें कीं परगांवच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें अंबाबाई, कुस्ती, गूळ आणि तांबडा-पांढरा रस्सा येतो. (शेवटचा पदार्थ आमच्या वाचकांस ऐकूनच माहीत असावा, असें मी धरून चालतों.) फुटबॉल सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वस्तुतः येथें हा खेळ जितका जीव टाकून पाहिला जातो, तितका महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच पाहिला जात असेल. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें पेठापेठांतून तालमी भरभराटीला आल्या त्या कुस्तीसाठीं. पुढें संस्थानी काळांतच फुटबॉल आला, आणि तालमींनीं तो आपलासा केला. संघांचीं नांवेंच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, जोडीला शिवाजी तरुण मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्यें हे संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले, म्हणजे त्या दिवशीं पेठेंतल्या दुकानदाराचें लक्ष तागडीवर नसतें.

तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपति बसतो तो तेथें. लग्नकार्याला राबणारे हात मिळतात ते तेथून. महापुराच्या दिवसांत जेवणाचीं पाकिटें निघतात तींही तेथूनच. भाच्याला संघाचा गोलरक्षक ठाऊक आहे, त्याच्या आईचें गुडघ्याचें दुखणें ठाऊक आहे. सरावाच्या वेळीं मैदानाबाहेर गेलेला चेंडू यानें शेंकडों वेळां आणून दिलेला आहे. त्या संघाच्या यशांत याचा वाटा आहे. निदान तसें म्हणावयास याला आधार आहे. म्हणून त्याचें उत्तर मला उथळ वाटलें नाहीं. माणूस जें आपल्या खांद्यावर वाहतो, त्यावरच त्याचा जीव जडतो.

विश्वचषकाच्या महिन्यांत मात्र याच पेठा ब्राझीलच्या पिवळ्या आणि आर्जेंटिनाच्या आकाशी रंगांनीं सजतात. २०२२ सालीं मेसीचे आणि नेमारचे भले मोठे फलक गल्लीच्या तोंडाशीं उभे होते. म्हणजे एका टोंकाला पेठ, दुसऱ्या टोंकाला परदेश, आणि मधली जागा रिकामी! माझ्या मुलाच्या खोलींतली भिंत तरी याहून काय निराळें सांगते? तेथें लंडन आहे. दिल्ली नाहीं, आणि पुणेंही नाहीं.

ही मधली जागा नेहमींच रिकामी होती, असें नाहीं. १९५१ सालीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडासामन्यांत आपल्या संघानें इराणला १-० असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें तो चौथा आला. १९६२ सालीं सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखालीं जाकार्ता येथें त्यानें दक्षिण कोरियावर २-१ असा जय मिळवून पुन्हां सुवर्ण आणलें. आणि १९५० सालीं ब्राझीलमधील विश्वचषकांत खेळण्याची संधि दाराशीं चालून आली असतां आपला संघ गेला नाहीं. त्यानंतर आजतागायत पुरुषांच्या वरिष्ठ संघाला ती पायरी चढतां आलेली नाहीं. साठ वर्षांपूर्वींच्या पदकांवर आजच्या सतरा वर्षांच्या मुलानें किती प्रेम करावें? 'देशावर प्रेम कर' असें त्याला सांगणें सोपें. परंतु प्रेमाला कांहीं दिसावें लागतें, हाताला लागावें लागतें.

"पण बाबा," माझा मुलगा म्हणाला, "पेठेच्या अभिमानामुळेंच देश मागें राहतो, असें नाहीं का?"

मीं त्यांना कलकत्त्याची गोष्ट सांगितली. २९ जुलै १९११ रोजीं मोहन बागान या क्लबानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तो क्लब एका शहरांतला, अकरांपैकीं दहा खेळाडू अनवाणी. तरी तो जय साऱ्या देशानें आपला मानला. तेव्हां स्वतंत्र देश नव्हता आणि त्याचा संघही नव्हता. एका क्लबानें तें निशाण कांहीं काळ आपल्या खांद्यावर घेतलें. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोव्याचा, मुंबईच्या टाटांच्या संघांतून खेळणारा. देश नांवाचा निराळा कारखाना कोठें नाहीं, जेथें खेळाडू घडवून मिळतात. ते गल्लींत, शाळेंत, तालमींत, क्लबांतच तयार होतात, आणि मग केव्हां तरी त्यांच्या अंगावर देशाचा अंगरखा चढतो.

"अनिकेत जाधव," भाचा हळूच म्हणाला. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशांत झाला. त्यांत भारताच्या आघाडीच्या फळींत हा कोल्हापूरचा मुलगा होता. अमेरिकेनें ३-०, कोलंबियानें २-१ आणि घानानें ४-० असें आपल्याला हरविलें. तिन्ही सामने दिल्लीस झाले, तिन्ही हातचे गेले. "मी तेव्हां लहान होतों," भाचा सांगूं लागला, "पण आमच्या गल्लींत सगळे एका घरांत जमून बघत होते. दुसऱ्या तालमीचीं मुलेंही आलीं होतीं. तो कोणत्या बाजूचा, हें कोणीं विचारलें नाहीं."

"मग मघांशीं देवाजवळ देश कां नाहीं मागितलास?" माझ्या मुलानें विचारलें.

भाचा विचारांत पडला. "मला मागायला सांगितलेंस म्हणून मीं माझें मागितलें. देशाचें मागायला मी कोण?"

या उत्तरांत मला जी खोंच दिसली, ती त्या मुलाला दिसली नसावी. पेठेच्या संघापुढें तो 'आम्ही' म्हणतो; देशाच्या संघापुढें त्याला स्वतःला प्रेक्षक म्हणूनसुद्धां जागा दिसत नाहीं.

हा पेंच केवळ आपल्याकडचाच नाहीं. १९९० सालीं इटलींत विश्वचषक झाला, तेव्हां इटली आणि आर्जेंटिना यांचा उपांत्य सामना नेमका नेपल्सला आला. आर्जेंटिनाचा नायक मॅराडोना हा नेपल्सच्याच क्लबाचा लाडका. त्यानें १९८७ व १९९० सालीं त्या उपेक्षित शहराला इटलीचें अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. सामन्यापूर्वीं त्यानें नेपल्सच्या लोकांस आठवण करून दिली कीं, वर्षभर जो देश तुम्हांला परका लेखतो, तोच आज एका दिवसापुरतें तुम्हांला आपलें म्हणत आहे. शहराचें मन दुभंगलें. सामना १-१ असा बरोबरींत सुटून पेनल्टींवर आर्जेंटिना जिंकली. नेपल्सच्या माणसांना दोष देणें सोपें आहे. पण ज्या देशानें एखाद्या गांवाला आपल्या वाट्यांत धरलें नाहीं, त्यानें त्या गांवाकडे एकदम निष्ठेचें मागणें करावें, हेंही कांहीं न्यायाचें नव्हे.

मात्र याची दुसरी बाजूही मुलांपासून लपविण्यांत अर्थ नव्हता. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याच्या वेळीं प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा जण प्राणांस मुकले. १९११ सालीं ज्या क्लबानें देशाला एक केलें, त्याच्याच सामन्यांत सत्तर वर्षांनंतर शेजाऱ्यानें शेजाऱ्याचा जीव घेतला. भाच्याच्या भुंवईवरचा दगड त्याच जातीचा आहे. तो थोडा खालीं लागता, तर आज आम्ही डोंगरावर नसतों, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दारांत असतों. त्याच्या वडिलांचें फर्मान मला पसंत नाहीं; परंतु त्यामागची रात्र मी समजूं शकतों.

क्लब आणि देश यांच्या ओढाताणींत केवळ प्रेक्षकच चुकतात, असेंही नाहीं. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें आशियाई क्रीडासामने होते. आपल्या व्यावसायिक लीगचा हंगाम त्याच सुमारास, २१ सप्टेंबरला, सुरू व्हावयाचा. नियमानें खेळाडू सोडण्याचें बंधन नव्हतें, म्हणून अनेक क्लबांनीं आपले मोहरे सोडले नाहींत. कसाबसा जमविलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशीं तेथें पोंचला, आणि चीनकडून ५-१ असा हरला. पुढें त्या पोरांनीं नेटानें खेळून बाद फेरी गांठली हें त्यांचें कौतुक. पण सासनकाठी घरांत उभी करून ठेवावी आणि यात्रेला रिकाम्या हातांनीं जावें, त्यांतला तो प्रकार झाला.

आणि आम्ही? २०१८ च्या १ जूनला मुंबईंत अंधेरीच्या मैदानावर भारतानें चिनी तैपेईला ५-० असें हरविलें, तेव्हां पाहणारे जेमतेम अडीच हजार होते. कप्तान सुनील छेत्री यानें मग लोकांस चलच्चित्रांतून हात जोडून विनविलें : युरोपच्या क्लबांचे तुम्ही चाहते असाल, आमचा खेळ त्या तोडीचा नाहीं हेंही खरें, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. तीन दिवसांनीं केनियाविरुद्धच्या सामन्याचीं सारीं तिकिटें संपलीं. तो त्याचा देशासाठीं शंभरावा सामना होता; भारत ३-० असा जिंकला. भर पावसांत लोक उभे राहून ओरडत होते. ज्याला मागावें लागलें, त्याला मिळालें; पण देशाच्या कप्तानाला तें मागावें लागलें, याची लाज माझ्यासारख्यांना वाटावयास हवी. अंधेरी पुण्याहून कांहीं सातासमुद्रापलीकडे नाहीं.

एवढ्यांत वाद्यांचा गजर वाढला. मिरवणूक निघाली होती. मानाची पहिली काठी सातारा जिल्ह्यांतील निनाम पाडळीची, आणि तिच्या मागें क्रमानें इतर गांवांच्या. रंगीत वस्त्रांनीं मढविलेली ती उंच काठी एक जण पेलतो, आणि चारी बाजूंनीं दोर धरलेले सोबती तिचा तोल सांभाळतात. प्रत्येक गांवाला आपली काठी उंच वाटते, आपलें नाचविणें सरस वाटतें. त्यांत ईर्ष्या नाहीं असें कोण म्हणेल? तरी सगळ्यांच्या तोंडीं नांव एकच, आणि सगळे थांबणार ते संध्याकाळच्या एकाच पालखीसाठीं. आपापलें गांव विसरून या, असें देवानें कोणाला सांगितलेलें नाहीं. १७३० सालीं हें देऊळ बांधणारे राणोजी शिंदे माळव्यांत मोठें राज्यकार्य करीत होते. इकडच्या डोंगरावरचा त्यांचा जीव तिकडच्या कर्तव्याच्या आड आला नाहीं.

आमच्या समोरच एक काठी झुकली. दोर धरणाऱ्या एका गड्याचा पाय गुलालावरून घसरला होता, आणि खालीं बायकापोरें होतीं. मागच्या काठीबरोबर चाललेला, दुसऱ्याच गांवचा एक म्हातारा पुढें झाला, त्यानें सुटलेला दोर पकडून ताणला, आणि काठी सरळ झाली. दोर ज्याचा त्याला देऊन म्हातारा आपल्या काठीमागें निघून गेला. कोणीं आभार मानले नाहींत. कोणाला त्याचें विशेषही वाटलें नाहीं.

बहिणीच्या यजमानांनीं हें पाहिलें होतें. केव्हां तरी ते उठून आमच्या कट्ट्यावर, मुलाच्या शेजारीं येऊन बसले होते.

मला भाच्याला जें सांगावयाचें होतें, तें इतकेंच : तालमीवर खुशाल जीव टाक, तिच्यासाठींच देवाजवळ माग. मात्र दोन गोष्टी सांभाळ. तुझी काठी दुसऱ्याच्या डोक्यावर पडूं देऊं नकोस. आणि जेव्हां पालखी निघेल, तेव्हां काठी घेऊन घरीं बसूं नकोस. परंतु उपदेश करण्याची पाळीच आली नाहीं. संध्याकाळीं पालखी यमाईच्या देवळाकडे निघाली, खोबऱ्याचा नि गुलालाचा पाऊस पडला, आणि अंधार पडतांना आम्ही डोंगर उतरूं लागलों. वाटेंत वडिलांनीं पुढें पाहत विचारलें, "रविवारीं सामना आहे ना तुमचा?"

"आहे."

"किती वाजतां?"

"चार."

"मीही येतों. शेजारीं बसावयाचें, आणि गडबड सुरू झाली कीं माझ्याबरोबर निघावयाचें."

भाच्यानें मान हालविली. थोडें चालून गेल्यावर माझा मुलगा म्हणाला, "बाबा, भारताचा पुढचा सामना जवळपास कोठें झाला, तर आपणही जाऊं या?" मीं होकार दिला, आणि हें येथें छापून ठेवीत आहें, तें मागाहून गर्दीची सबब सांगतां येऊं नये म्हणून.

"जा कीं," अंधारांतून भाच्याचा आवाज आला. "पण मामा, त्याआधीं एकदां आमचा सामना बघा. ओरडायचें कसें तें तरी कळेल."